हौशी कोणाला म्हणावे?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट यांना प्रेक्षक मिळतो. रग्बीचे नाव मात्र फारसे कुणाच्या तोंडी नसते. तरीही रग्बीच्या हौशी क्लबांचा इतिहास आम्हाला वाचावासा वाटतो. खेळाच्या मैदानावर कोणाला घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हे कसे ठरते ते त्यातून कळते.

हिंदुस्थानात या खेळाची सुरुवात कलकत्त्यात झाली. २५ डिसेंबर १८७२ रोजी तिथे सामना झाला आणि १८७३ साली क्लब निघाला. तो गोऱ्यांचा होता. पलटणी बदलल्या, पोलोची आवड वाढली आणि पाच वर्षांत क्लब बंद पडला. बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून, वितळवून सभासदांनी एक चषक घडवून घेतला. त्याला नागाचे तीन कान आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या 'कलकत्ता कप'साठी खेळत आले आहेत. चांदी इथली, नाग-हत्ती इथले, सामना मात्र तिकडचा!

मुंबईत १८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तोही युरोपियनांसाठीच होता. त्याच्या सभासदांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान उखडले जाई आणि तिथेच क्रिकेट खेळणाऱ्या इथल्या तरुणांची कुचंबणा होई. त्यांनी अर्ज केले, वर्षानुवर्षे भांडण चालले. पुढे पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रकाठी वेगवेगळे भूखंड मिळाले. त्यात इस्लाम जिमखाना होता. आपल्या मुलांना हक्काचे मैदान लाभले, हे मोठेच काम झाले. पण त्याच मैदानांतून खेळाडूंची वाटणी धर्मानुसार पक्की झाली. १९१२ साली मुस्लिम संघ स्पर्धेत आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ पासून पंचरंगी. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी या धर्मवार स्पर्धेला विरोध केला. १९४० साली गांधीजींनीही तिच्याविरुद्ध मत दिले. १९४६ नंतर ती बंद झाली.

रग्बीत याहून वेगळी भिंत होती. इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरण्या व खाणींतले मजूर शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. तिची भरपाई द्यावी, असे त्यांच्या क्लबांचे म्हणणे होते. संघटनेने 'हौशी' तत्त्वाचा आग्रह धरला. शेवटी ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तरेतील क्लब फुटून निघाले. संघटनेच्या लेखी हौशी तो, ज्याची चूल एका दिवसाच्या मजुरीवर अवलंबून नसते! हा नियम १९९५ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, सोडून देण्यात आला.

मुंबईत १९२४ साली अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिच्यात ब्रिटिश पलटणींचा दबदबा होता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९९८ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. मुंबईचा नासेर हुसेन देशाचा कर्णधार झाला. २००७ साली ओडिशातील आदिवासी मुलांनी लंडनमधली चौदा वर्षांखालील स्पर्धा जिंकली. २०१९ मध्ये पुण्याच्या वाहबिझ भरुचाच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सिंगापूरला हरवून आपला पहिला पंधरा जणींचा सामना जिंकला. मैदान, चेंडू आणि शिकवणारा भेटला की जात, धर्म, गरिबी यांचा अडसर सरतो, हे या मुलामुलींनी दाखवून दिले.

आमच्या मोहल्ल्यातली चपळ मुले दहावीनंतर गॅरेजमध्ये, फळांच्या गाडीवर किंवा वेल्डिंगच्या कामावर जातात. खेळ सुटतो तो हौस संपते म्हणून नव्हे, रोजी बुडते म्हणून. मुलीला तर मैदानावर पाठवण्याआधीच घरात दहा प्रश्न उभे राहतात. समाजातील जाणत्या मंडळींनी लग्न-जलशांवरच्या खर्चातला थोडा पैसा अशा एखाद्या संघासाठी काढला, तर तो कोणत्याही कपापेक्षा मोलाचा ठरेल. त्या संघाचे नाव कोणत्याही धर्मावरून नसावे, आणि तिथे कोणाचीही मुले यावीत. पोटाची काळजी नसलेल्यांपुरतीच हौस राखून ठेवायची नसेल, तर एवढे तरी करावे लागेल.