मेम्फिसचा गायक-उपदेशक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय समाजांत देवाचें गाणें व प्रेमाचें गाणें हीं दोन वेगळीं घरें मानण्याचा प्रघात होता. वास्तविक दोहोंची गायकी एकच. १९४९ सालीं 'बिलबोर्ड' पत्रानें ज्या संगीतास 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हें नांव दिलें, त्याचे पुष्कळसे गायक रविवारच्या प्रार्थनेंतच तयार झालेले असत. पण सॅम कुक हा १९५७ सालीं भजनमंडळ सोडून प्रेमगीतांकडे वळला, तेव्हां अनेक भाविकांस तो द्रोह वाटला. याच्या नेमका उलट प्रवास करणारा अल ग्रीन आम्हांस अधिक विचारणीय वाटतो.

आर्कान्सा राज्यांत अर्धेलीनें शेती करणाऱ्या एका कुटुंबांत १९४६ सालीं तो जन्मला. बालपणीं भावांसह तो भजनें गाई. पुढें जॅकी विल्सनच्या ध्वनिमुद्रिका ऐकतो म्हणून धर्मनिष्ठ बापानें त्यास घराबाहेर काढलें! मेम्फिसच्या विली मिचेल या ट्रंपेटवादकानें मग त्यास हाताशीं धरलें. मिचेलचें ध्वनिमुद्रण एका जुन्या सिनेमागृहांत चाले. आवाज चढविण्यापेक्षां आवरण्यांत अधिक गोडी आहे, हें त्यानें या तरुणास तेथें पटविलें. १९७२ च्या फेब्रुवारींत 'लेट्स स्टे टुगेदर' हें गीत अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादींत पहिलें आलें. आमच्या मतें हें यश त्या आवरलेल्या आवाजाचेंच होय.

त्याच्या मनःपरिवर्तनाची कथा बहुधा अशी सांगतात : १९७४ च्या ऑक्टोबरांत त्याच्या घरीं एका स्त्रीनें त्याच्या अंगावर मक्याच्या भरडीची उकळती पेज ओतली व नंतर स्वतःस गोळी घालून घेतली, त्या आघातानें तो देवाकडे वळला. नाटकास ही कथा शोभेल. परंतु ग्रीन स्वतः हें परिवर्तन १९७३ मधील, म्हणजे त्या प्रसंगाच्या आधींचें, म्हणून सांगतो. शिवाय एका स्त्रीच्या मृत्यूस दुसऱ्याच्या पुण्याईची पायरी करणें आम्हांस रुचत नाहीं.

१९७६ सालीं त्यानें मेम्फिसमध्यें एक चर्च विकत घेतलें व तेथें तो उपदेशक झाला. पुढच्या वर्षीं मिचेलवांचून काढलेल्या 'द बेल अल्बम' मध्यें तो प्रेयसीसच देवाची ओढ समजावून सांगतो. तरी कांहीं काळ दोन्ही डगरींवर हात होताच. १९७९ सालीं सिनसिनाटी येथें तो रंगमंचावरून पडला. तो ईश्वरी इशारा मानून त्यानें प्रेमगीतें सोडलीं. गंमत अशी कीं, कीर्तीच्या ऐन भरांत न मिळालेलें 'ग्रॅमी' पारितोषिक त्यास पुढें धर्मगीतांनीं अनेकदां मिळवून दिलें. ऐकणारास मात्र गळा तोच, लकबी त्याच. संबोधन तेवढें बदललेलें.

२००३ सालीं 'आय कान्ट स्टॉप' या संग्रहासाठीं तो पुन्हा मिचेलच्या त्याच जुन्या सिनेमागृहांत गेला, आणि प्रेमगीतें गायिला. चर्चमधील व्यासपीठ त्यासाठीं त्यानें सोडलें नाहीं.