टाके माझेच

आठवीत शिवणाच्या तासाला टाक्यांचा नमुना करून न्यायचा होता. एका रुमालावर धावदोरा, उलटी टीप, हेम आणि काज. मी तो आईकडून करून घेतला. गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला सुईदोरा कशाला, अशी तेव्हा माझी समजूत होती. बाईंनी रुमाल पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता गुण दिले. पुढे इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये रमले. पण ते न बोलणे विसरले नाही.

गेल्या वर्षी आजीच्या ट्रंकेत तिची खणाची चोळी सापडली. पूर्ण हाताने शिवलेली. तशीच एक शिवून पाहायचे ठरवले.

खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. एलियास होवेने शिवणयंत्राचे पेटंट घेतले १८४६ मध्ये, सिंगरने १८५१ मध्ये. त्याआधी कपडे बहुतेक हातानेच शिवले जात आणि कापड फार जपून वापरले जाई. आजीची चोळी वर्तमानपत्रावर ठेवून आकार काढताना हे दिसले. तुकडे बहुतेक सरळ रेषेत कापलेले, चिंधी जवळजवळ नाहीच. खणाचे काठ बाह्यांच्या टोकांना आलेले. काखेत एक छोटा त्रिकोणी तुकडा. तो मी आधी वगळला, तर हात वर करताच शिवण उसवली! विणलेले कापड उभे-आडवे ताणत नाही, तिरके ताणते. तो तुकडा हाताला हलायला जागा देतो. हे कुठल्या भूमितीच्या पुस्तकात वाचून कोणी केले नव्हते.

चोळीला हूक नाहीत, बटणे नाहीत. पुढची दोन टोके गाठ मारून बांधायची. बाई जाड होवो, बारीक होवो, गरोदर असो की अंगावर पाजणारी, चोळी तीच. आमच्या कामात पुढच्या बदलांची सोय आधीच करून ठेवावी म्हणतात. ती इथे एका गाठीत होती. टाक्यांचेही तसेच. जिथे ताण, तिथे बारीक उलटी टीप. जिथे नाही, तिथे नुसता धावदोरा. आजीला सही करतानाही वेळ लागे. पण दोरा कुठे खर्चायचा आणि कुठे वाचवायचा, हे तिला नेमके ठाऊक होते.

माझे सहा रविवार गेले. डावी बाही अर्धा बोट लांब झाली आहे आणि पाठीचे टाके तुमच्यापैकी कोणी मोजू नयेत. तरी मेळाव्याला मी तीच चोळी घालून येणार आहे.

बाई, या वेळी टाके माझेच आहेत. गुण मात्र बोलून द्या.