कॅप्टनमागे निघालेला देश

रोमानियातल्या तुर्नू सेवेरिनच्या नाट्यगृहात तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे आहात. बसायला जागा नाही. २६ मे १९२५ची ही गर्दी नाटकाला आलेली नाही, खुनाच्या खटल्याचा निकाल ऐकायला आली आहे. आरोपीच्या जागी पंचविशीचा, उंच, देखणा तरुण बसला आहे: कॉर्नेलियू झेलेआ कोद्रेआनू. सात महिन्यांपूर्वी, २५ ऑक्टोबर १९२४ला, याश शहराच्या न्यायालयात त्याने तिथल्या पोलीसप्रमुखाला, कॉन्स्तान्तिन मान्चूला, गोळ्या घालून ठार केलं. मान्चू साधुपुरुष नव्हता. त्याने कोद्रेआनूला आणि त्याच्या विद्यार्थी साथीदारांना पकडून बेदम मारलं होतं. पण त्या मारहाणीची दाद मागायला न्यायालय होतं, आणि गोळ्या नेमक्या न्यायालयातच सुटल्या.

जूरी परत येते. त्यांच्या कोटांकडे बघा. कॉलरवर स्वस्तिकाचे बिल्ले आहेत. आपण उंबऱ्यावर काढतो त्या शुभचिन्हाशी यांचं काही नातं नाही. प्राध्यापक ए. सी. कूझा यांच्या ज्यूद्वेष्ट्या पक्षाची ही खूण आहे आणि आरोपी त्याच पक्षाचा लाडका कार्यकर्ता. निकाल उच्चारला जातो: निर्दोष. नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून जातं. शेजारचा अनोळखी माणूस आनंदाने तुम्हाला मिठी मारतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आहे आणि ते खरं आहे. पुढची सोळा वर्षं तुम्हाला ठाऊक आहेत, त्याला नाहीत. हात सोडवून घेताना तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही.

जूनमध्ये फोक्शानला चला. गावाबाहेरच्या वनराईत कोद्रेआनूचं लग्न आहे. बैलगाड्यांची रांग संपत नाही. ऐंशी हजार ते लाखभर माणसं आली, असं तो स्वतः पुढे लिहिणार आहे. आकडा फुगवलेला असेल, पण हा सोहळा एखाद्या राजपुत्राचा वाटतो, एवढं तुम्हाला दिसतंच. खून करून सुटलेल्या माणसाच्या वरातीत शेतकरी, विद्यार्थी, धर्मगुरू आपखुशीने चालले आहेत.

का? हा प्रश्न मनात धरूनच इथून पुढे चालायचं आहे. पहिल्या महायुद्धानंतर रोमानिया जवळपास दुप्पट झाला. ट्रान्सिल्व्हेनिया, बेसारेबिया, बुकोविना हे प्रांत आले आणि त्यांच्याबरोबर हंगेरियन, जर्मन, युक्रेनी, ज्यू अशी लाखो माणसं आली. १९२३च्या राज्यघटनेने ज्यूंना नागरिकत्व दिलं. विद्यापीठांतून पदवीधर बाहेर पडत होते आणि त्यांना नोकऱ्या नव्हत्या. बुखारेस्टमधले पुढारी पैसे खात होते, हेही खोटं नव्हतं. कोद्रेआनूने या सगळ्या खऱ्या दुखण्यांना एकच खोटं कारण दिलं: ज्यू. १९३०च्या जनगणनेत ते सुमारे साडेसात लाख होते, देशाच्या लोकसंख्येत शंभरात चार.

२४ जून १९२७ला याशमध्ये तो स्वतःची संघटना काढतो, 'देवदूत मिखाईलची सेना'. तुरुंगातल्या प्रार्थनामंदिरात पाहिलेल्या प्रतिमेवरून हे नाव आलं. अनुयायी त्याला 'कॅप्टन' म्हणू लागतात. १९३०च्या सुमाराला एखाद्या गावात थांबा. मंदीने धान्याचे भाव कोसळले आहेत, शेतकरी कर्जात बुडाला आहे. अशा गावात तो घोड्यावरून येतो, अंगात शेतकऱ्याचा पांढरा पोशाख. फार बोलत नाही. बरोबरची मुलं गाणी म्हणतात, गळ्यात मायभूमीच्या मातीची लहानशी पिशवी बांधतात. पुढे हीच मुलं हिरवे सदरे घालून गावांत पूल, विहिरी, चर्च बांधायला उतरतात. निवडणुकीपुरता येणारा पुढारी पाहिलेल्या म्हाताऱ्याला हातात फावडं घेतलेला पदवीधर पाहून काय वाटत असेल, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. तुमचाही ऊर क्षणभर भरून येईल, आणि त्याची लाज वाटून घेऊ नका. पण मग त्या गाण्यांतले शब्द ऐका. मृत्यूचं एवढं कौतुक, मारण्याची आणि मरण्याची एवढी आस क्वचितच कुठे ऐकायला मिळेल.

त्या शब्दांचं काय होतं ते २९ डिसेंबर १९३३च्या रात्री सिनाया स्थानकावर दिसतं. पंतप्रधान योन दूका यांनी निवडणुकीआधी संघटनेवर बंदी घातली होती. राजाला भेटून परतणाऱ्या दूकांना तिघं तरुण फलाटावरच गोळ्या घालतात. संघटनेतून फुटून बाहेर पडलेल्या मिहाई स्तेलेस्कूला १९३६मध्ये दहा जण रुग्णालयात गाठतात. तो खाटेवर आहे. आधी गोळ्या, मग कुऱ्हाडी. या खुन्यांची नावं संघटना संतांसारखी जपते.

१३ फेब्रुवारी १९३७ला बुखारेस्टच्या रस्त्यावर स्पेनच्या यादवीत फ्रँकोच्या बाजूने लढताना मेलेल्या योन मोत्सा आणि व्हासिले मारीन या संघटनेच्या दोन पुढाऱ्यांची अंत्ययात्रा निघाली आहे. हजारो हिरवे सदरे, धर्मगुरूंच्या रांगा, जर्मनी-इटलीचे राजदूत. या गर्दीतली अडाणी माणसं मला भीतीदायक वाटत नाहीत. भीती वाटते ती शिकलेल्यांची. मिर्चा एलियाडे आठवतो? कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे भारतीय तत्त्वज्ञान शिकलेला, योगावर ग्रंथ लिहिणारा विद्वान. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, निवडणुकीच्या तोंडावर, या संघटनेच्या विजयावर विश्वास व्यक्त करणारा लेख त्याच्या नावाने छापून येतो. त्याचा जवळचा मित्र, ज्यू लेखक मिहाईल सेबास्टियन, याच शहरात बसून मित्रांचं एकेक करून दूर जाणं रोजनिशीत टिपतो आहे. माझं मन त्या टेबलापाशी सर्वांत जास्त रेंगाळतं.

मतमोजणीत कॅप्टनच्या पक्षाला १५.५८ टक्के मतं आणि ६६ जागा मिळतात. देशातला तिसरा पक्ष. आता राजा दुसरा कॅरोल सावध होतो. त्याला या आंदोलनाचा मालक व्हायचं होतं, ते जमलं नाही. फेब्रुवारी १९३८मध्ये तो घटना बाजूला सारून सत्ता आपल्या हाती घेतो. इतिहासकार निकोलाए इओर्गा यांना लिहिलेल्या अपमानकारक पत्राचं निमित्त करून एप्रिलमध्ये कोद्रेआनूला सहा महिन्यांची शिक्षा होते, आणि मेमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून दहा वर्षं सक्तमजुरी.

२९ नोव्हेंबरची रात्र. उद्या संत आंद्रेईचा सण. आज रात्री भुतंखेतं मोकळी सुटतात, अशी रोमानियन खेड्यांतली समजूत. दाराखिडक्यांना लसूण चोळलेला आहे. रिम्निकू सारातच्या तुरुंगातून निघालेल्या गाड्या अंधारात बुखारेस्टकडे धावताहेत. आत चौदा कैदी आहेत, बाकांना बांधलेले: कॅप्टन, दूकांचे तीन मारेकरी, स्तेलेस्कूचे दहा. प्रत्येकाच्या मागे दोरी घेतलेला एक जेंडार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस. तंकाबेश्तच्या जंगलात गाड्या थांबतात आणि दोऱ्या आवळल्या जातात. मग प्रेतांच्या पाठीत गोळ्या मारायच्या, जिलावाच्या तुरुंगात पुरायचं, पुढे त्यांवर आम्ल ओतायचं, वर काँक्रीट घालायचं. सकाळी सरकार जाहीर करतं: पळून जाताना मारले गेले.

या माणसाबद्दल तुमच्या मनात कणव नसेल, माझ्याही नाही. पण तो हत्यांना जबाबदार होता, तर त्याला उघड्या न्यायालयात, पुराव्यानिशी, दोषी ठरवायला हवं होतं. १९२५मध्ये जूरीने कायदा वाकवून त्याला सोडलं, १९३८मध्ये राजाने कायदा गुंडाळून त्याला मारलं. दोन्ही वेळा त्याच्याच पंथाचा फायदा झाला. जिवंतपणी तो पुढारी होता, आता हुतात्मा झाला.

त्याची किंमत दोन वर्षांत वसूल होते. सप्टेंबर १९४०मध्ये कॅरोल पदत्याग करून देश सोडतो आणि जनरल आन्तोनेस्कूसोबत संघटना सत्तेवर येते, होरिया सीमाच्या नेतृत्वाखाली. नोव्हेंबरमध्ये जिलावातलं काँक्रीट फोडून सांगाडे बाहेर काढले जातात. २६च्या रात्री त्याच तुरुंगात, कॅप्टनच्या मृत्यूचा सूड म्हणून, ६४ राजकीय कैद्यांना कोठड्यांत ठार मारतात. दुसऱ्या दिवशी सिनायाच्या घरातून ६९ वर्षांच्या इओर्गांना नेतात आणि स्त्रेज्निकजवळ गोळ्या घालतात. याच इओर्गांनी १९१०मध्ये कूझांबरोबर ज्यूविरोधी पक्ष काढला होता. ३० नोव्हेंबरला कॅप्टनचे अवशेष लाखोंच्या गर्दीत, नाझी पाहुण्यांच्या साक्षीने, थाटामाटात पुरले जातात.

२१ जानेवारी १९४१. आन्तोनेस्कूशी सत्तेचं भांडण पेटलं आहे आणि बुखारेस्टच्या ज्यू वस्त्यांत हिरवे सदरे घुसले आहेत. दुकानं फुटतात, माणसं फरफटत नेली जातात, शहराबाहेर गोळ्या घातल्या जातात, काहींना कत्तलखान्यात. तीन दिवसांत सुमारे १२५ ज्यू मारले जातात. काहाल ग्रांदे हे भव्य सिनेगॉग जळतंय. हिटलर आन्तोनेस्कूच्या पाठीशी उभा राहतो, सैन्य उतरतं, बंड मोडतं. सीमा जर्मनीत पळतो आणि कॅप्टनची संघटना सत्तेतून कायमची जाते.

पण सैन्य उतरण्याआधी तुम्ही दुसऱ्या एका सिनेगॉगच्या दाराशी पोचा, मोठ्या सिनेगॉगपाशी. तेही पेटवायला टोळी आली आहे. समोर एक ख्रिस्ती मोलकरीण येऊन उभी राहते. ती त्यांना विनवते आहे, त्यांना त्यांच्याच ख्रिस्ताची शिकवण सांगते आहे. ज्यांनी देवदूताच्या नावाने शपथ घेतली ते तिचं ऐकून परत फिरतात. ती वास्तू बुखारेस्टमध्ये आजही उभी आहे.