पितळी भोकाचं घराणं

गाडीचं हेड उतरवून पोर्ट मोठे केले, कॅम बदलला, सिलिंडर बोअर करून घेतले, की गॅरेजात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : जेट कितीचा टाकायचा? जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू, मधोमध आरपार भोक. वेबर किंवा सोलेक्सच्या जेटवर १२५ कोरलेलं असेल तर ते भोक १.२५ मिलिमीटरचं. ट्युनिंग नावाची सगळी विद्या, तिच्यातले वाद आणि तिच्यावर पोट भरणारे मेस्त्री, सगळे या भोकाच्या एका जन्मजात खोडीचे वारस आहेत.

मुळात हे भोक नव्हतंच. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत इंधन एका भांड्यात असे आणि इंजिन त्याच्या वाफेने भरलेली हवा ओढून घेई. हुक्का ओढावा तसा प्रकार. इंधनही पंपावरचं नव्हे, तर लिग्रोइन, म्हणजे डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळणारं हलकं पेट्रोलियम. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्त्सहाइमला निघाली, तेव्हा तिने वाटेत वीसलोखच्या औषधवाल्याकडून लिग्रोइन घेतलं. पुढे इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधनातला कचरा काढणारी, इतिहासाने नाव राखलेली पहिली मेस्त्री बाई होती, हे आपल्या गॅरेजांत फारसं कुणाला ठाऊक नसतं.

या भांड्याचा दोष असा, की आधी हलका अंश उडून जाई आणि जड तेवढं खाली उरे. सकाळचं मिश्रण वेगळं, दुपारचं वेगळं. भांड्यात हलवाहलव झाली की आणखी वेगळं. तक्रार कुणाकडे करणार? फिरवायला स्क्रूच नव्हता.

तो १८९३ मध्ये आला. डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाखने फ्लोटने पातळी राखलेल्या कोठीतून बारीक तोंडावाटे पेट्रोलचा फवारा हवेत सोडला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरचं पेटंट मागितलं. फुलवालीला फुलांवर तोंडाने पाण्याचा फवारा मारताना पाहून त्यांना युक्ती सुचली, असं हंगेरीत सांगतात. गोष्ट इतकी गोड आहे की तिच्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही, पण सोडवतही नाही.

आता ती खोडी. प्रवाह अरुंद जागेतून जाताना वेग घेतो आणि तिथला दाब उतरतो, हे १७३८ मध्ये बर्नुलीने आणि १७९७ मध्ये व्हेंच्युरीने मांडून ठेवलं होतं. दाबाच्या याच फरकाने पेट्रोल जेटमधून वर चढतं. कागदावर हिशेब चोख : हवा दुप्पट तर पेट्रोल दुप्पट. प्रत्यक्षात जोरात ओढली की हवा विरळ होते, पेट्रोल मात्र होत नाही. त्यामुळे वेग वाढेल तसं मिश्रणात पेट्रोल जास्त होत जातं, गाडी ‘रिच’ होते. आणि स्लोवर, म्हणजे इंजिन नुसतं फिरत असताना, ओढ इतकी क्षीण, की जेटमधून थेंब निघत नाही. म्हणजे एकाच भोकाने सगळ्या वेगांना पुरं पडणं शक्यच नाही. पुढच्या शंभर वर्षांतला प्रत्येक कार्ब्युरेटर हा या एका अडचणीवरचा तोडगा आहे, आणि प्रत्येक तोडग्याने ट्युनिंग करणाऱ्याच्या हातात एक नवा स्क्रू दिला.

पानार्ड कंपनीच्या आर्थर क्रेब्सने १९०२ मध्ये वेग वाढला की आपोआप जादा हवा सोडणारी झडप बसवली. लियॉंच्या फ्रांस्वा बावरेने १९०६ मध्ये दोन जेट जोडीने लावले. एक वेगाबरोबर रिच होत जाणारा, दुसरा लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडत जाणारा. दोघांची बेरीज स्थिर. त्यातून झेनिथ कार्ब्युरेटर जन्मला.

इंग्लंडमधल्या स्किनर बंधूंनी वाटच बदलली. घराणं चपला-बुटांचं, लिली अँड स्किनर हे त्यांचं दुकान. जॉर्ज स्किनरने १९०५ च्या सुमारास ठरवलं, की वेग बदलला तर हवेची वाटच लहान-मोठी करायची, म्हणजे ओढ कायम राहील. वाट लहान-मोठी करायला त्याने भाता वापरला, तोही चामड्याचा. बूटवाल्याच्या घरात दुसरं काय सुचणार? पुढे चामडं जाऊन धातूचा पिस्टन आला, त्याखाली निमुळती सुई, सुई जेटमध्ये वर-खाली होणारी. हाच एसयू, म्हणजे स्किनर्स युनियन. आपल्या बऱ्याच अँबॅसॅडरवर तो असे. एसयूच्या सुईची जाडी दर अष्टमांश इंचावर मोजून तक्ते छापलेले असत. ट्युनिंग म्हणजे त्या तक्त्यातून नेमक्या जागी केसभर बारीक असलेली सुई हुडकणं. पुढे आपल्याकडच्या कितीतरी मोटरसायकलींवर जो रबरी डायफ्रॅमचा सीव्ही कार्ब्युरेटर आला, तो याच बूटवाल्यांच्या घराण्यातला.

याच एसयूने दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांना दगा दिला. स्पिटफायरने नाक खाली घालून सूर मारला की मर्लिन इंजिन अडखळे; जर्मन मेसरश्मिटला इंधन-इंजेक्शन असल्याने ते खुशाल निसटे. सूर मारताना फ्लोटच्या कोठीतलं पेट्रोल वर उसळे. आधी जेट कोरडा पडे, पाठोपाठ पंप कोठी भरून टाकी आणि इंजिन रिचपणाने गुदमरे. फार्नबरोच्या संशोधन संस्थेतल्या बीट्रिस शिलिंगने त्यावर तोडगा काढला : इंधनाच्या वाटेत भोकाचं एक छोटं पितळी टोपण. भोक एवढंच, की पूर्ण ताकदीला लागेल तेवढं पेट्रोल जावं आणि पूर येऊ नये. १९४१ च्या सुरुवातीला तिने विमानतळावर विमानतळ पालथे घालून ती टोपणं बसवली. या बाईने १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी १०० मैलांच्या वर पळवली होती. दोष शोधणं म्हणजे काय, याचा मला इतका स्वच्छ दुसरा नमुना माहीत नाही : आधी रिच की लीन ते ठरवलं, कोणत्या क्षणी ते पाहिलं, मग एकच भोक बदललं.

सुधारलेल्या इंजिनांचा लाडका मात्र इटलीचा. बोलोन्याच्या एदोआर्दो वेबरने १९२३ मध्ये फियाट गाड्यांसाठी कार्ब्युरेटर बनवायला घेतले. १९४५ च्या मे महिन्यात तो बेपत्ता झाला, पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच्या नावाचा आडवा, दोन नळ्यांचा डीसीओई पुढे जगभर शर्यतींत पळाला. त्याचं झाकण उघडलं की आत प्रत्येक नळीसाठी एक पितळी काडी मिळते : खाली मेन जेट, वर एअर करेक्टर, मध्ये बाजूंना भोकं पाडलेली इमल्शन ट्यूब. वेग वाढला की वरून हवा या भोकांतून पेट्रोलमध्ये मिसळते आणि रिचपणा रोखते. ट्यूबवर एफ२, एफ११, एफ१६ असे आकडे असतात. आकडा मोठा म्हणून रिच किंवा लीन, असा काही क्रम त्यांना नाही. हा वेबरचा गचाळपणाच म्हणायचा.

वेबरची खरी ताकद ही, की आतला व्हेंच्युरी, म्हणजे हवेची अरुंद वाट, हीसुद्धा बदलता येते. इंजिन बदललं की मिश्रणाचा सगळा हिशेब नव्याने मांडायचा असतो, आणि त्याची सुरुवात व्हेंच्युरीपासून होते. त्याच्या मिलिमीटरला चाराने गुणलं की मेन जेटचा साधारण आकडा हाती येतो : ३४ चा व्हेंच्युरी, १३५ चा जेट. इथून पुढे कान आणि रस्ता.

शर्यतीच्या कॅमने आणखी एक गोची होते. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे कमी वेगात हवा आत गेलेली परत बाहेर येते, पुन्हा आत जाते. हवा येते की जाते हे कार्ब्युरेटरला कळत नाही. समोरून गेलेल्या हवेला तो पेट्रोल वाढत राहतो, प्रत्येक फेरीला. म्हणून अशा इंजिनात हवा घेणाऱ्या ट्रंपेटच्या तोंडाशी पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसतं आणि स्लोवर प्लग काळे पडतात. त्यावर मेन जेट बारीक करून उपयोग नाही. वरच्या वेगात इंजिन लीन होऊन पिस्टनला भोक पडायचं.

गाडी मिसिंग करते म्हटलं की पहिला हात कार्ब्युरेटरला जातो. जाऊ नये. आधी टॅपेट, कॉम्प्रेशन, मग पॉइंट, टायमिंग, प्लग. कार्ब्युरेटरचे म्हणून सांगितलेले कितीतरी आजार शेवटी डिस्ट्रिब्युटरात सापडतात. मग मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर क्लीनरचा फवारा मारून पाहायचा; इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा घुसते आहे. मग पंपाचा दाब. डीसीओईला साधारण ३ पीएसआय पुरतो, जास्त दिला की फ्लोटची निडल हार मानते आणि ओव्हरफ्लो सुरू. मग फ्लोटची पातळी. जेट त्यानंतर. त्यातही आधी स्लो जेट, कारण रस्त्यावरची बहुतेक गाडी त्याच्यावर आणि त्याच्या पुढच्या बारीक प्रोग्रेशन भोकांवर चालते. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर दम खाते, ती तक्रार लोक मेन जेटवर ढकलतात आणि महिनाभर भलतंच बदलत बसतात. एका वेळी एकच भाग बदलावा आणि वहीत लिहून ठेवावं.

आणि जेटमध्ये तार घालणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नये. १.२५ चं भोक १.३० झालं की क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं. तारेचा ओरखडा एवढं काम सहज करतो आणि जेटवरचा आकडा मात्र १२५ च राहतो. क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, बास.

प्लगचा रंग पाहून निकाल देण्याची कला आता पांगळी झाली आहे. देशभर शिसं असलेलं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं आणि प्लगवरचा तो बिस्किटी रंग पूर्वीइतका बोलेनासा झाला. त्याची जागा सायलेन्सरमध्ये बसणाऱ्या लॅम्डा सेन्सरने घेतली. हा सेन्सर गाडीत पहिल्यांदा आला १९७६ मध्ये, व्होल्वोत. फुल थ्रॉटलला १२.५ ते १३ असं हवा-पेट्रोलचं प्रमाण दिसलं की जेट बरोबर. आपल्या दुचाकींतून कार्ब्युरेटरच १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनी घालवला.

उरलेल्या जुन्या गाड्यांपुढे सध्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल आहे, त्यातलं पुष्कळसं आपल्याच साखर कारखान्यांतून आलेलं. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू घेऊन येतं. साध्या पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. म्हणजे जुन्या जेटवर तीच गाडी लीन चालते : गरम होते, उचलत नाही, मागे फटाके फोडते. पद्मिनी असो की शर्यतीसाठी बांधलेली फियाट, पुढच्या ट्युनिंगला मेन जेट १२५ चा असेल तर १३० चा लावून पाहायला सांगा, स्लो जेटही त्याच हिशेबाने एक पायरी वर घ्या, आणि पंपाचा डायफ्रॅम, रबरी नळ्या त्याच वेळी बदलून टाका; जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं.