एकाच गाडीच्या दोन पत्रिका

१९६६ साली कायझर्सलाउटर्नमध्ये ओपेलचा कारखाना सुरू झाला. तोवर हे गाव फाफ कंपनीच्या शिलाई यंत्रांवर आणि आसपासच्या अमेरिकन लष्करी तळांवर पोट भरत होतं. आता इंजिनं आणि सुटे भाग बनवणारा तिसरा आधार मिळाला. त्याच वर्षी, इथून दूर पूर्वेला, रुमानियात पितेश्त शहराजवळ सरकारने मोटारींचा एक कारखाना काढला. त्या गाड्यांना त्यांनी आपल्या भूमीचं रोमनकालीन नाव दिलं : डाचिया. (उच्चारावर एकमत नाही. रुमानियन लोक ‘डाचिया’ म्हणतात, जर्मन ‘डात्सिया’, इंग्रज ‘डासिया’. मी रुमानियन उच्चार धरला आहे, गाडी त्यांची आहे.)

या दोन कारखान्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. एक अमेरिकन जनरल मोटर्सच्या मालकीच्या जर्मन कंपनीचा, दुसरा चाउशेस्कूच्या साम्यवादी सरकारचा. साठ वर्षांनी मात्र ओपेलच्या या गावात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये डाचिया सहज दिसते, आणि तिच्या मालकाला तिची लाज वाटत नाही. हे कसं झालं ते सांगण्यासारखं आहे, विशेषतः मराठी माणसाला. कारण या गोष्टीचं एक प्रकरण नाशिकमध्ये घडलेलं आहे.

पुण्या-नाशिकहून इथल्या विद्यापीठात किंवा एखाद्या संशोधन संस्थेत नव्याने आलेला माणूस पहिल्या महिन्यातच एक प्रश्न विचारतो. “अरे, ही आपली डस्टर ना? मग हिच्यावर वेगळंच नाव कसं?” प्रश्न बरोबर आहे. भारतात २०१२ साली डस्टर आली ती रेनॉची म्हणून, आणि सोसायटीत ती उभी राहिली की चार माणसं बघायची. युरोपात तीच गाडी २०१० पासून डाचियाची, म्हणजे स्वस्त गाड्यांच्या घराण्यातली. उलट उदाहरणंही आहेत. १९९६ साली आपल्याकडे ओपेलची अ‍ॅस्ट्रा आली तेव्हा ती बाळगणारा माणूस मोठा समजला जाई. इथे कायझर्सलाउटर्नमध्ये ओपेल म्हणजे कारखान्यातल्या कामगाराची गाडी, आणि १९९०च्या सुमारास तर ओपेल मांटा चालवणाऱ्यांवर विनोदांची पुस्तकं निघत होती. २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला तयार होऊ लागलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांची आवडती होती. जर्मनीत ती हिशेबी कुटुंबाची गाडी. पत्रा तोच, इंजिन तेच. पण गाडीची प्रतिष्ठा तिच्याबरोबर सीमा ओलांडत नाही. ती प्रत्येक देशात नव्याने कमवावी लागते.

डाचियाने ती कशी कमावली, हे बघण्यासाठी थोडं मागे जायला हवं. रुमानियाने गाडी स्वतः घडवली नव्हती, रेनॉकडून परवाना घेतला होता. १९६८ साली रेनॉ ८ वरून डाचिया ११०० निघाली आणि पुढच्याच वर्षी रेनॉ १२ वरून डाचिया १३००. या १३००चा वंश थोडीफार डागडुजी करत २००४ पर्यंत चालू राहिला. पस्तीस वर्षं! आपल्या अँबॅसडर आणि पद्मिनीची ही तिसरी बहीणच. दुसरी गाडी मिळत नसल्यामुळे लोक हीच घेत, आणि सुटे भाग मिळवत, ठोकपीट करत चालवत. साम्यवाद गेल्यावर पश्चिमेच्या जुन्या गाड्या आत आल्या आणि डाचियाचं काही खरं राहिलं नाही. १९९९ साली रेनॉने कंपनीतला ५१ टक्के हिस्सा विकत घेतला, तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला.

रेनॉचे त्या वेळचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांच्या डोक्यात मात्र एक कल्पना होती. १९९७ साली ते रशियाला गेले असताना त्यांनी पाहिलं की तिथे जुनाट लाडा सहा हजार डॉलरला खपते आहे, आणि रेनॉकडे त्या किमतीच्या जवळपास जाणारंही काही नाही. मग ठरलं : पाच हजार युरोची, आधुनिक आणि कुठेही दुरुस्त होणारी गाडी काढायची. २००४ साली ती आली. नाव लोगान.

या गाडीत पैसे कुठे वाचवले ते बघणं म्हणजे एखाद्या काटकसरी आजीचा स्वयंपाक बघण्यासारखं आहे. काहीही वाया नाही. बाहेरचे दोन्ही आरसे एकाच साच्यातले, डावा-उजवा भेद नाही. डॅशबोर्ड एकाच तुकड्यात ओतलेला. काचांना वळण कमी, कारण वळणदार काच महाग पडते. इंजिन आणि बरेचसे भाग रेनॉच्या आधीच्या गाड्यांमधले, म्हणजे ज्यांच्या संशोधनाचा खर्च आधीच वसूल झालेला. कारखान्यात यंत्रमानव थोडे आणि माणसं जास्त, कारण रुमानियात मजुरी कमी. यातली शेवटची बाब लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

लोगान पश्चिम युरोपसाठी बनवलेलीच नव्हती. पण २००५ साली ती जर्मनीत आली, ७,२०० युरोला. स्वागत खवचटपणे झालं. एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या चाचणीत अचानक वळण घेताना गाडी उलटली आणि चित्रं सगळीकडे झळकली. नंतर समजलं की एकामागून एक फेऱ्या मारून टायर घासून गेले होते, आणि क्लबला आपला निष्कर्ष मागे घ्यावा लागला. अपघात-सुरक्षेच्या युरो एन्कॅप चाचणीत तिला तीन तारे मिळाले; फार नव्हेत, पण त्या किमतीला लोकांनी धरलं होतं त्यापेक्षा बरे.

खरी कलाटणी २००९ ला मिळाली. आर्थिक मंदीत वाहनउद्योग वाचवण्यासाठी जर्मन सरकारने एक योजना आणली : किमान नऊ वर्षं जुनी गाडी भंगारात द्या, नवी घ्या, २,५०० युरो मिळवा. योजनेला पाच अब्ज युरो लागले आणि सुमारे वीस लाख गाड्या बदलल्या गेल्या. आता हिशेब करा. चाळीस हजारांच्या गाडीवर अडीच हजारांची सूट म्हणजे किरकोळ. डाचियाची सँडेरो तेव्हा ७,५०० युरोपासून मिळत होती. म्हणजे तिसरा हिस्सा सरकारचा, तुमचे पाच हजार. एवढ्या पैशात तोपर्यंत फक्त दुसऱ्याने वापरलेली गाडी यायची. त्या एका वर्षात जर्मनीतला डाचियाचा खप आधीच्या वर्षाच्या तिपटीहून जास्त झाला. जर्मन कारखाने वाचवायला काढलेल्या पैशाने एका रुमानियन गाडीला जर्मन घराघरात पोचवलं, हा विनोद इथल्या वर्तमानपत्रांनाही तेव्हा फारसा रुचला नव्हता.

याच सुमारास तीच लोगान नाशिकमध्येही तयार होत होती. महिंद्र आणि रेनॉ यांची भागीदारी, ५१ टक्के महिंद्रचे, ४९ रेनॉचे. एप्रिल २००७ मध्ये गाडी बाजारात आली. मी मूळचा नाशिकचा. सातपूर-अंबडच्या बाजूला त्या वेळी कारखान्यात कोणाला काम लागलं, कोणाच्या वर्कशॉपला ऑर्डर मिळाली, याचीच चर्चा असे. गाडी ऐसपैस होती. मागे तीन माणसं खरोखर बसत, डिकीत लग्नाचं सामान मावे, डिझेल इंजिन थोड्यात भागवणारं. ज्यांनी घेतली त्यातले माझ्या ओळखीचे लोक तिच्याबद्दल अजून चांगलंच बोलतात.

तरीही ती पडली. एक कारण सरकारी होतं. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. लोगान सव्वाचार मीटरची. पंचवीस सेंटिमीटरसाठी तिला जास्त कर. पुण्याच्या टाटांनी ताबडतोब आपल्या इंडिगोची शेपटी कापून तिला चार मीटरच्या आत बसवलं आणि २००८ मध्ये ती लोगानपेक्षा स्वस्तात आणली. महिंद्रने शेपटी कापली ती २०१३ मध्ये, व्हेरिटो व्हाइब नावाने. तोवर वेळ गेली होती. रेनॉ २०१० मध्येच भागीदारीतून बाहेर पडली होती, आणि पुढच्या वर्षी लोगानचं नाव व्हेरिटो झालं.

पण सगळा दोष कराला देऊन चालणार नाही. आपल्याकडे तीन खणांची गाडी, म्हणजे सेदान, घेतली जाते ती लोकांनी बघावी म्हणून. लोगान बघण्यासारखी नव्हती. डब्यासारखी दिसते, म्हणून नाक मुरडलं गेलं; मग टॅक्सीवाल्यांनी तिचे गुण ओळखून ती उचलली, आणि टॅक्सी झाल्यावर तर घरच्या गाडीचा प्रश्नच मिटला. नॅनोचंही याहून वेगळं झालं नाही. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला भोवला, हे पुढे खुद्द रतन टाटांनी बोलून दाखवलं. आपल्याकडे पहिली गाडी ही घराच्या वर चढण्याची खूण असते. तिथे स्वस्तपणा झाकावा लागतो, आणि लोगानमध्ये तो झाकायची सोयच नव्हती.

मग जर्मनीत का चाललं? इथले लोक साधे आहेत, दिखाऊपणा करत नाहीत वगैरे मला पटत नाही. गाडीच्या बाबतीत जर्मन माणसाइतका दिखाऊ माणूस शोधून सापडणार नाही. फरक दुसरीकडे आहे. जर्मनीत दर वर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी साधारण दोन तृतीयांश खासगी माणसांच्या नसतात; त्या कंपन्यांच्या, भाड्याने देणाऱ्यांच्या, विक्रेत्यांच्या नावावर असतात. रस्त्यावर झळकणाऱ्या महागड्या गाड्यांतल्या बऱ्याचशा अशा. स्वतःच्या खिशातून नवी गाडी घेणारा माणूस इथे अल्पसंख्य आहे, आणि डाचिया विकली जाते ती मुख्यतः त्यालाच. निवृत्त शिक्षक, परिचारिका, दोन मुलांचं घर. त्यांची पहिली गाडी केव्हाच होऊन गेलेली आहे. वर चढल्याची खूण त्यांना नको आहे. त्यांना तीन वर्षांची हमी असलेली, कोणी न वापरलेली गाडी हवी आहे. कंपनीने हे नीट ओळखलं. जाहिरातीच अशा केल्या की प्रतिष्ठेची गरज नसलेल्यांची हीच प्रतिष्ठा. आणि घासाघीस बंद : छापील किंमत तीच खरी किंमत. शेजाऱ्याला आपल्यापेक्षा हजार युरो कमी पडले, ही टोचणी उरली नाही.

समाधानाचं गणित मला इथेच दिसतं. ट्यूफच्या तपासण्यांचे अहवाल दर वर्षी येतात, त्यात लोगान कित्येक वर्षं तळाशी होती. काही जण म्हणतात, स्वस्त गाडीचे मालक सर्व्हिसिंगही स्वस्तात उरकतात म्हणून; पण निलंबनाचे भाग लवकर झिजतात ही तक्रार खोटी नाही. तरी मालकाला विचारा, तो खूश. मर्सिडिजच्या मालकाला दाराचा आवाज वेगळा आला तरी फसवल्यासारखं वाटतं. डाचियाच्या मालकाला दार लागलं की पुरतं. त्याला जे सांगितलं होतं, तेच मिळालं.

हे कौतुक मी एका मर्यादेपर्यंतच करेन. २०२१ मध्ये युरो एन्कॅपने डाचियाच्या जॉगरला एकच तारा दिला. शेवटच्या रांगेत पट्ट्याची आठवण करून देणारी सोय नाही, यासारख्या गोष्टींचा त्यात मोठा वाटा होता, हे खरं. पण ती सात आसनी गाडी म्हणून विकली जाते आणि मागे बसतात ती मुलंच.

आणि आता मजुरीबद्दल. २००८ च्या वसंतात मिओव्हेनीच्या कारखान्यातले कामगार जवळजवळ तीन आठवडे संपावर गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : गाडी साऱ्या युरोपात खपते आहे, मग आमचा पगार रुमानियाच्याच दराने का? त्यांना चांगली वाढ मिळाली. चार वर्षांनी, २०१२ मध्ये, रेनॉने मोरोक्कोत टँजियरला नवा मोठा कारखाना उघडला. युरोपात विकल्या जाणाऱ्या सँडेरो आता बहुतेक मोरोक्कोतूनच येतात. स्वस्त गाडी ही अशी नेहमी थोडी पुढच्या, आणखी स्वस्त गावाला निघालेली असते.

दुसऱ्या टोकाला आमचं गाव. ओपेल २०१७ मध्ये फ्रेंचांच्या हाती गेली आणि पुढे स्टेलांटिस समूहात सामावली. तिने २०१९ मध्ये कार्ल आणि अ‍ॅडम या आपल्या सर्वांत लहान गाड्या बंद केल्या. फोक्सवॅगनची अप आणि फोर्डची फिएस्टा २०२३ मध्ये गेल्या. लहान गाडीत नफा नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. कायझर्सलाउटर्नमध्ये ओपेलच्या आवारात बॅटऱ्यांचा प्रचंड कारखाना होणार होता. २०२४ मध्ये ते काम थांबवलं गेलं. त्याच २०२४ मध्ये सँडेरो संपूर्ण युरोपातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली, अडीच लाखांहून जास्त. मोठ्या कंपन्यांनी जी पायरी सोडून दिली, तिच्यावर ती एकटी उभी होती. किंमत मात्र आता ७,५०० राहिलेली नाही, अकरा हजारांच्या पुढे गेली आहे.

इथे नव्याने आलेले आपले विद्यार्थी आणि जोडपी अजूनही विचारतात, जुनी लोगान घेऊ का. घ्या. आधी भारतीय परवाना फक्त सहा महिने चालतो हे लक्षात ठेवा आणि जर्मन परवान्याची तयारी सुरू करा. गाडी बघायला दिवसा जा, खालून गंज बघा, खड्ड्यावरून नेऊन पुढच्या चाकांचा आवाज ऐका, इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. ट्यूफची मुदत निदान वर्षभर शिल्लक असावी. आणि आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवाल तेव्हा सांगा, आपल्या नाशिकला व्हायची ना, तीच.