औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णालयात कसे पसरतात? जीनोम तपासणीतून काय कळते?

आयसीयूतील रुग्णाचा कल्चर रिपोर्ट येतो. वर ‘क्लेबसिएला न्यूमोनिए’ हे नाव आणि खाली जवळजवळ प्रत्येक अँटिबायोटिकपुढे ‘रेझिस्टंट’. “डॉक्टर, ॲडमिट केले तेव्हा हे नव्हते, मग आले कुठून?” हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या कल्चरवरून त्याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही.

क्लेबसिएला निरोगी माणसाच्या आतड्यातही असू शकतो. दोन रुग्णांच्या रिपोर्टवर एकच नाव असले तरी जंतू एकाच कुळातला असेल असे नाही. ते पाहण्यासाठी जंतूचा संपूर्ण जीनोम वाचावा लागतो. क्लेबसिएलाच्या जीनोममध्ये साधारण 55 लाख अक्षरे असतात. जंतू वाढताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो. दोन रुग्णांच्या जंतूंमध्ये मोजकेच फरक असतील, तर तो एकाकडून दुसऱ्याकडे किंवा दोघांकडे एकाच ठिकाणाहून गेला असण्याची शक्यता मोठी. हजारो फरक असतील, तर त्या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

बेथेस्डा येथील रुग्णालयात काय घडले?

अमेरिकेतील बेथेस्डा येथे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे क्लिनिकल सेंटर आहे. जून 2011 मध्ये तिथे न्यूयॉर्कच्या रुग्णालयातून एक महिला दाखल झाली. तिच्या शरीरात कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही न जुमानणारा क्लेबसिएला होता. हे आधीच माहीत असल्याने तिला वेगळे ठेवले होते. ती जुलैमध्ये बरी होऊन घरी गेली. सुमारे तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका रुग्णात तसाच जंतू सापडला, आणि मग एकामागून एक रुग्ण सापडत गेले. एकूण 18 जणांना लागण झाली. त्यांपैकी 11 जण दगावले, त्यांतील 6 मृत्यू या संसर्गामुळे झाल्याचे मानले गेले.

जीनोम वाचल्यावर या साखळीची सुरुवात पहिल्या रुग्णापासूनच झाल्याचे दिसले. रुग्ण ज्या क्रमाने सापडले, त्या क्रमाने जंतू पसरला नव्हता. काही जणांच्या आतड्यात तो आठवडेच्या आठवडे कोणतेही लक्षण न देता होता आणि तेवढ्या काळात इतरांपर्यंत पोहोचत होता. सिंकच्या ड्रेनमध्ये, इतकेच नव्हे तर स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो आढळला.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही लक्षणे नसलेली अवस्था. अशा रुग्णाला आपण ‘वाहक’ म्हणतो. वाहक आजारी नसतो, त्यामुळे त्याला सहसा अँटिबायोटिक देत नाहीत. मात्र तुमच्या रुग्णाचा गुदद्वाराचा स्वॅब घेतला किंवा त्याला वेगळ्या खोलीत हलवले, तर ती शिक्षा किंवा बिल वाढवण्याची युक्ती समजू नका.

नातेवाइकांनी काय करावे?

जीनोम तपासणी आपल्याकडे बहुतेक रुग्णालयांत रोजची नाही, आणि एका रुग्णाचे औषध ठरवायला ती लागतही नाही. त्यासाठी कल्चर पुरते. तेव्हा तिचा आग्रह धरू नका. गेल्या वर्षभरात रुग्ण दुसरीकडे ॲडमिट होता का, हे मात्र न विचारताही सांगा आणि जुने कल्चर रिपोर्ट दाखवा. रुग्णाजवळ जाण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करा, शेजारच्या खाटेवर बसू नका. डॉक्टर किंवा नर्स हात न धुता आले, तर आठवण करून द्यायला संकोच नको. आम्ही विसरतो. लघवीची नळी आणि सलाईनची सुई अजून गरजेची आहे का, हेही रोज विचारा, कारण जंतूला शरीरात शिरायला तीच वाट असते.

रुग्ण वाहक म्हणून घरी आला, तर त्याची ताटवाटी वेगळी करण्याची गरज नाही. शौचानंतर आणि डायपर बदलल्यावर साबणाने हात धुणे पुरेसे असते. घरात केमोथेरपी चालू असलेले कोणी असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.