घराचा खण आणि चोळीचा खण

हल्ली शहरातील नव्या घरांत जुन्या कापडाला पुन्हा मान मिळू लागला आहे. उशीच्या अभ्र्याला खणाचे कापड, खिडकीला इरकलीचा पडदा, भिंतीवर चौकटीत बसविलेली गोधडी आणि एखादी भिंत मुद्दाम गेरूच्या रंगाची. दिसायला हे सारे छानच दिसते. पण वाचकहो, ज्या घरांतून हे रंग आणि ही वस्त्रे आली, त्या घरांत ती केवळ शोभेसाठी होती का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, किल्लारीला जाऊ. जुन्या घरातले काय राखावे आणि काय सोडावे, हा प्रश्न त्या गावापुढे एका रात्रीत उभा राहिला होता.

किल्लारी तेरणेच्या खोऱ्यात आहे. याच नदीच्या काठी, वरच्या अंगाला, आजच्या धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात तगराचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तेथून साधे कापड, नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते, असे तो सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या काळ्या मातीतला कापूस विणला जाऊन समुद्रापार पोचत होता. पुढे नांदेडच्या मलमलीचा लौकिक झाला, आणि तिकडचा गावरानी कापूस निजामाच्या राज्यात नावाजला गेला. तेव्हा या मुलखाला कापडाची जाण कोणी बाहेरून आणून दिली, असे म्हणायला जागा नाही.

आता घराकडे वळू. मराठवाड्यात जुने घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. "किती खणाचं घर हाय?" एवढे विचारले की माणसाची ऐपत कळे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर, असे ते माळवद. भोवती दगडमातीच्या रुंद भिंती. आत शिरताना ढेळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी. भिंतीत देवळ्या आणि कोनाडे, धान्याला बळद, उजेडाला वर सवणे. खिडक्या फारशा नसायच्या. उन्हाळ्याच्या कहरात असे घर गार राही, पण आत उजेड बेताचाच.

त्या अंधाराला उत्तर म्हणून रंग आला. भिंतीला चुन्याची किंवा पांढऱ्या मातीची सफेदी दिली की सवण्यातून येणारा कवडसा खोलीभर पसरे. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की पिवळटपणा जाई, आणि चुन्यामुळे किडामुंगीही कमी होई. भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा किंवा हिरमुंजीचा हातभर पट्टा ओढीत. हिरमुंजी हे नावच मुळी इराणच्या आखातातील हुरमुंज बेटावरून पडले. तेथल्या तांबड्या मातीचा व्यापार दूरवर चाले. हा पट्टा दिसे सुंदर, पण त्याचे खरे काम वेगळे होते. पावसाचे शिंतोडे, सारवणाचे ओघळ, टेकून बसणाऱ्यांच्या पाठीचा मळ हे सारे तो पोटात घेई. सणावाराला पट्टा पुन्हा ओढला की भिंत नवी! कोनाड्याभोवती गेरूची चौकट काढीत, तीही दिव्याची जागा अंधारात चटकन सापडावी म्हणून उपयोगी पडे.

कापडाचेही तसेच. चोळीचा खण यायचा तो बहुधा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, आणि लुगडे इलकलचे. त्या गावाच्या नावावरूनच आपण त्याला इरकल म्हणतो. गर्द निळे, डाळिंबी, काळे अंग आणि लाल पदर. शेतात राबणाऱ्या बाईला मळखाऊ रंग सोयीचा, आणि पदर मात्र लांबून ओळखू यावा असा. लुगडे विरले की त्याला दंड घालून ते आणखी काही दिवस नेसत. तेही सरले की त्याची वाकळ होई. आजीचे लुगडे, बापाचे धोतर, पोराचे फाटके अंगरखे असे थरावर थर ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवायचे. दिवसा या वाकळा संदुकीवर किंवा वलणीवर घडी करून ठेवल्या की साऱ्या खोलीत तेवढाच काय तो रंगीबेरंगी ढीग दिसे. त्याच्या जोडीला धनगराची काळी घोंगडी असे. तिला रंग नाही, मेंढीच्या लोकरीचा तोच तिचा रंग. चिंचोक्याची खळ देऊन ती पाऊस झेलायला घट्ट केलेली. तांड्यावरच्या लमाणी स्त्रियांच्या काचळीवर आणि फेटियावर आरसे, कवड्या आणि गडद टाके असत.

हे रंग कोठून येत? लाल रंग आलीच्या मुळापासून, निळा निळीच्या झाडापासून, आणि कुसुंबी करडईच्या फुलापासून. हो, ज्या करडईचे तेल आपण खातो तिच्याच पाकळ्यांतून हा गुलाबी-तांबडा रंग निघे. रंगारी आणि निराळी या लोकांचा तो पिढीजात धंदा. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने प्रयोगशाळेत जांभळा रंग तयार केला. १८६९ साली कृत्रिम लाल रंगाची पेटंटे झाली, आणि १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. पुढच्या थोड्याच वर्षांत गावोगावच्या निळीच्या पिंपांना बुरशी चढली. करडई शेतात राहिली, तिचा रंग मात्र विस्मरणात गेला. म्हणून आज आपण ज्याला 'जुना रंग' म्हणून कौतुकाने आणतो, तो पुष्कळदा शंभर-सव्वाशे वर्षांचाच कारखानी रंग असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि मग १९९३ साल. २९ सप्टेंबरला गणपती बोळवून लोक दमून निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. माणसांचा जीव घेतला तो मुख्यतः घरांनी. मातीत रचलेल्या गोट्यांच्या दोन दोन, कोठे चार फुटांहून रुंद भिंती. वर माळवदावर पावसाळ्यामागून पावसाळा नवी माती घालून चढलेला थर. गारवा देणारे हेच वजन अंगावर आले. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, पण लाकडी खांबांचे खण तसेच उभे राहिले. जुन्या बांधणीतला शहाणपणाचा भाग कोणता आणि घातकी कोणता, हे त्या पडझडीनेच दाखवून दिले.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली, किल्लारी त्यांतलेच. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रुंद रस्ते, सरळ रांगा, हलके छप्पर, पातळ भिंती. घर सुरक्षित झाले, यात शंका नाही, आणि ते लहान मोल नव्हे. पण ढेळज गेली, ओसरी गेली, कोनाडे गेले. वाकळांचा ढीग कोठे ठेवावा आणि दिवा कोठे लावावा, हे प्रश्न राहिले.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या दुःखापुढे रंगाचे आणि कापडाचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले, त्यालाही नव्या छपराखाली पुन्हा आपले घर मांडावेच लागते. आणि पाहा, भिंतीचे वजन सोडून देणे भाग होते. गेरूच्या पट्ट्याला आणि वाकळेला मात्र वजनच नाही. सिमेंटच्या पातळ भिंतीलाही तो पट्टा शोभतो आणि मळ झाकतो. खोलीत एक फळी ठोकली की घडीच्या वाकळांना जागा होते. जुन्यातले हे राखायला कोणाच्या जिवाला धोका नाही.

शहरात हौसेने घर सजवणाऱ्यांनाही माझे एवढेच सांगणे. खण आणा, इरकल आणा, पण त्यांना कामाला लावा. गोधडी चौकटीत कोंडण्यापेक्षा अंगावर घ्या. विरली तर तिला ठिगळ लावा. तांबडा पट्टा हवा असेल तर तो जेथे भिंत मळते तेथे ओढा. आणि घरात आई-आजीचे जुने लुगडे पेटीत पडून असेल, तर ते कोणी, केव्हा, कशासाठी नेसले होते ते विचारून घ्या. विकतच्या कापडाबरोबर ती हकीकत मिळत नाही, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच ती ऐकून ठेवायला हवी.